बाबांनी ट्रम्पेट खाली घेतलं

ऐंशीच्या दशकात आमच्या बाबांचा ब्रह्मपुरीत बँड होता. आरमोरीपर्यंतची लग्नं त्यांच्या ट्रम्पेटवर नाचली, पण नाचणाऱ्यांना हवी असायची सिनेमाची गाणी. बाबांचं मन त्यात नव्हतं. तरुणपणी नागपूरच्या एका हॉटेलात ते गोव्याच्या एका मास्तरांकडे वाजवायला शिकले. तिथे जॅझ त्यांच्या कानात शिरला तो निघालाच नाही. सगळ्यांनी मिळून चाल धरायची, मग एकेकाने मनाला येईल तसं वाजवायचं आणि बाकीच्यांनी मागे ठेका सांभाळायचा, असं ते मला समजावायचे. आई सरळ विचारायची, "हे गाणं हाये का भांडण?"

एका वर्षी भीमजयंतीच्या मिरवणुकीसाठी त्यांनी स्वतःची जॅझची चाल बांधली. आमच्या बौद्ध वस्तीतली थोरली मंडळी आधीच कुरकुरत होती. दुसऱ्यांच्या दारात वाजवणं सोडलं तेव्हा आपण माणसात आलो, आणि हा पुन्हा वाद्य घेऊन फिरतो, असं त्यांचं म्हणणं. बाबांना ते फार लागायचं. हे आपलं आहे, आपण बांधलेलं आहे, एवढं त्यांना एकदा या लोकांना ऐकवायचं होतं.

राईस मिलच्या अंगणात तालीम चाले. तेव्हा बाबा स्वतः वाजवत नसत. तोंडाने चाल म्हणत आणि काठीने डब्यावर ठेका धरत. मधला एकट्याचा भाग क्लॅरिनेटवाल्या चाचांकडे होता. चाचांचं शिंप्याचं दुकान होतं, पण हा भाग ते असा वाजवत की मिलमधले हमाल पोती टाकून ऐकायला येत.

मिरवणूक चौकात आली आणि चाल सुरू झाली. लोक आधी बावचळले, मग खरोखर ऐकू लागले. वस्तीतले एक म्हातारे मान डोलावताना मी पाहिले. मग चाचांची पाळी आली, म्हणून बाबांनी ट्रम्पेट खाली घेतलं. त्याबरोबर सगळा बँड गप्प झाला.

बँडचा नियमच तसा होता. एका गावात आमच्या लोकांना देवळापुढे वाजवायला बंदी होती; तिथे थांबायला उशीर झाला म्हणून आमच्या ढोलवाल्याला मार बसला होता. तेव्हापासून ट्रम्पेट खाली आलं की सगळं बंद, हे बाबांनी साऱ्यांकडून घोटून घेतलं होतं. चाचासुद्धा क्लॅरिनेट हातात धरून उभे राहिले.

"काऊन थांबले जी?" कोणीतरी विचारलं.

"मास्तर चाल विसरले वाटते," मागून एक जण म्हणाला आणि हशा पिकला.

बाबांना काही सुचेना. लाज राखायला चाचांनी एक ओळखीचं गाणं उचललं, तशी पोरं नाचायला लागली. बाबाही ट्रम्पेट ओठाला लावून तेच गाणं वाजवू लागले. मला नाचणाऱ्यांचा राग आला, बाबांचा त्याहून जास्त आला.

मिरवणूक संपल्यावर चाचा घरी आले. "मास्तर, गलती आमची झाली. पुन्हा वाजवू ना."

बाबा कोटाची बटणं काढत होते. "तुमची कायची गलती? थांबाचं कसं ते मीच शिकवलं साऱ्यायले. कोणी मारू नये म्हणून शिकवलं. आता मी थांबलो तरी तुम्ही भेऊ नका, हे कोणत्या तोंडानं सांगू?"

ती चाल आमच्या बँडने पुन्हा कधी वाजवली नाही.