समारोपाला आईचं एक पान

आमच्या द्वारका चौकात खांबाखांबावर व्यक्तिमत्त्व विकासाच्या क्लासचे बोर्ड लागलेत. कोटातला माणूस बोट रोखून विचारतो, 'तुमचं ध्येय काय?' मला संताप येतो. जणू आमच्या वस्तीत ध्येयांचाच तुटवडा होता! तुटवडा वेळेचा होता, जागेचा होता. आणि आईला तर असं कुणी कधी विचारलंच नव्हतं.

आई दवाखान्यात साफसफाई करते. चौथीनंतर तिची शाळा सुटली आणि ती येवल्याकडे कांदे निंदायला जाऊ लागली. आमच्या कॉलनीच्या बुद्धविहारात वर्षावासात, म्हणजे पावसाळ्याच्या तीन महिन्यांत, रोज संध्याकाळी ग्रंथवाचन होतं. वाचणारे ठरलेले. निवृत्त गुरुजी, नाहीतर बँकेतले काका. बाया मागे बसून ऐकणार. यंदा सुरुवातीलाच गुरुजींनी दहा पारमितांमधलं, म्हणजे धम्मातल्या दहा गुणांमधलं, अधिष्ठान समजावलं. जे ठरवलं त्यापासून हलायचं नाही. घरी येताना आई म्हणाली, "समारोपाला एक पान मी वाचणार."

मी लगेच पत्रक लिहायला घेतलं. कॉलेजपासून मोर्चे-पत्रकांशिवाय दुसरं केलंय काय? 'ग्रंथ सगळ्यांचा, मग आवाज पुरुषांचाच का?' आईने कागद बाजूला सारला. "जागा तू मिळवून देशील गं. पण वाचता मलाच यायला पाहिजे ना?"

मग मी शिकवायला बसले. घरात वाचायला होती माझीच पत्रकं. सकाळी डबा भरून झाला की ती मोठ्याने वाचायची आणि मी सांगायचे, "छाती भरून बोल. वाक्य संपलं की थांब. लोकांना उत्तर द्यायला वेळ दे." मला तरी दुसरं वाचन कुठं येत होतं?

गुरुजींना आईनेच विचारलं. ते म्हणाले, "वाचा की ताई. आजच वाचा, सवय होईल." माझं पत्रक वाया गेलं.

आई टेबलामागे उभी राहिली. पहिलं वाक्य तिने असं ठोकलं की पुढच्या रांगेतलं पोर दचकलं. मग ती थांबली. मागे बसलेल्या बाया माझ्या प्रत्येक मोर्चाला येणाऱ्या. सवयीने मुठी वर गेल्या, "विजय असो!"

सगळा विहार हसला. बँकवाले काका म्हणाले, "ताई, ग्रंथ वाचताय की कलेक्टर कचेरीवर निघालात?" आईही हसली, पण तिला पुढची ओळ सापडेना. ती खाली येऊन बसली.

घरी मी भडकले. "काकांना माफीच मागायला लावते."

"त्यांचं काय चुकलं? मी वरडतच होते," आई म्हणाली. "आणि मी रागवायचं ठरवलं नव्हतं. वाचायचं ठरवलं होतं. आता मला हळू वाचायला शिकव."

"मलाच येत नाही."

"मग दोघी शिकू."

शेजारची मावशी सकाळी ओट्यावर भाजी निवडत बसते. आई विहारातून ग्रंथ मागून आणून तिच्याजवळ बसून वाचू लागली. मावशीचा हात थबकला की समजायचं, आवाज चढला. सुरुवातीला तो सारखाच थबकायचा. "बाई, माझी मेथी सुकंल तुझ्या भाषणानं," मावशी म्हणायची. मी मध्ये बोलले की दोघी मला गप्प करायच्या. गप्प बसून ऐकणं मला फार जड गेलं.

एका सकाळी मावशीचा हात पुन्हा थांबला. आईने विचारलं, "चढला का गं आवाज?"

"नाय. पुढं काय झालं ते वाच."

समारोपाला आई परत त्याच टेबलामागे उभी राहिली. एका जोडाक्षराला अडखळली, मागे गेली, ते पुन्हा वाचलं. कुणी हसलं नाही, कुणी मूठ उचलली नाही. पान संपलं तसा गुरुजींनी ग्रंथ घ्यायला हात पुढे केला.

"थांबा गुरुजी," आई म्हणाली, "वाक्य अर्धंच झालंय." आणि तिने पान उलटलं.