कर्जमुक्त माणसाची बायको

माझा नवरा हल्ली रविवारी सोसायट्यांमध्ये पैशांवर बोलायला जातो. खर्चाला आवर कसा घालावा, क्रेडिट कार्डाच्या कर्जातून कसं सुटावं, असं. लोक ऐकतात, टाळ्या वाजवतात. पहिल्या भाषणाला मी गेले होते. पुन्हा गेले नाही.

लग्न झालं तेव्हा तो मरोळच्या एका कारखान्यात सुपरवायझर होता आणि मी अंधेरीत दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनला. पगार बरा होता, पण त्याचा हात पगाराहून मोकळा. मित्रांबरोबर वर्सोव्याला जेवायला गेला की बिल हाच देणार. दुसऱ्या कोणी खिशात हात घातला तर याला अपमान वाटायचा. दर वर्षी नवा फोन, हप्त्यावर. मोटारसायकल, तीही हप्त्यावर. मी काही बोलले की सासूबाई म्हणायच्या, "माझो झील दिलदार आसा. तुका ता बघवणा नाय."

ही दिलदारी कार्डावर चाललीय, हे मला फार उशिरा कळलं. कार्डाचं बिल आलं की कमीत कमी जेवढे भरायचे तेवढेच तो भरायचा, बाकीच्यावर व्याज चढत राहायचं. ते भागवायला फोनवरून झटपट कर्ज, ते फेडायला दुसरं. एका दुपारी दवाखान्याच्या फोनवर वसुलीवाला बोलला. "मॅडम, तुमचे मिस्टर फोन उचलत नाहीत. आम्ही तिकडेच येऊ का?" समोर बाकावर पेशंट बसले होते. "राँग नंबर" म्हणून मी फोन ठेवला आणि पुढच्या पेशंटला आत पाठवलं. माझा आवाज जराही हलला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

त्या संध्याकाळी तो माझ्या मांडीवर डोकं ठेवून रडला. "तू सांगशील ते करतो," म्हणाला. मी सांगितलं. कार्डं बंद. मोटारसायकल विकायची. पगार जमा झाला की माझ्या खात्यात वळवायचा आणि आठवड्याचा खर्च रोख माझ्याकडून घ्यायचा. ज्या कर्जावर सगळ्यात जास्त व्याज होतं ते संपवायला मी माझ्या पाटल्या मोडल्या. बाबांनी निवृत्तीच्या पैशांतून केलेल्या. गोरेगावच्या सोनाराने त्या काट्यावर टाकल्या, तेव्हा नवरा दुकानाबाहेर फोन बघत उभा होता. दवाखाना सुटल्यावर मी एका पोळी-भाजी केंद्रात पोळ्या लाटायला जाऊ लागले.

सुरुवातीला तो सरळ वागला, मग चिडायला लागला. मित्र बोलवेनासे झाले, कारण बिल देणारा उरला नव्हता. पण त्याचाही दोष माझ्यावर. एकदा कुणाच्या तरी पार्टीसाठी जादा पैसे मागितले, मी नाही म्हटलं. "भिकारी करून ठेवलंयस मला!" तो आमच्या शाळकरी मुलीसमोरच ओरडला. त्याच आठवड्यात मी मुलीलाही शाळेच्या सहलीला नाही म्हटलं होतं. ती उठली आणि बापाला चिकटून बसली. घरातली दुष्ट बाई मीच.

अशी वर्षं गेली. शेवटचं कर्ज फिटलं त्या दिवशी तो पेढे घेऊन आला. "बघ, जमलं की नाही मला?" म्हणाला. मी पेढा खाल्ला.

मग तो पैशांवरचे व्हिडिओ बघायला लागला. एसआयपी, विमा, अडीअडचणीसाठीचा निधी, सगळं पाठ. घरखर्चही त्याने स्वतःकडे घेतला. आमच्या सोसायटीच्या सेक्रेटरींनी त्याला हॉलमध्ये बोलायला सांगितलं. तो छान बोलला. "एका सकाळी आरशात पाहिलं आणि ठरवलं, बास. त्या दिवसापासून मी स्वतःला शिस्त लावली." पाटल्या नाहीत, पोळ्या नाहीत, मी तर नाहीच. शेजारीण माझा हात दाबून म्हणाली, "नशीब काढलंस गं."

घरी आल्यावर मी विचारलं, "माझं काहीच का नाही सांगितलंस?"

"अगं, ते घरातलं. चारचौघांत काय सांगायचं?"

"पाटल्या मोडल्या मी."

"सोनं नुसतं कपाटात पडून होतं ना. घालत तरी होतीस का कधी?"

तो चिडून बोलला नाही, हेच वाईट होतं. त्याला ते खरंच तसं वाटत होतं. वर दुसऱ्या दिवशी मी हापूसची पेटी आणली तर म्हणाला, "पंधरा दिवस थांबली असतीस तर भाव उतरला असता."

पुढच्या महिन्यापासून मी माझा पगार घरात देणं बंद केलं. खर्चाचा निम्मा वाटा देते, बाकीचे माझे, माझ्या खात्यात. तो दुखावला. "म्हणजे आता तुझं-माझं?" मी म्हटलं, "हो." मला वाटलं होतं भांडेल, निदान एकदा तरी विचारेल, का. नाही विचारलं.

गेल्या रविवारी तो मुलुंडला बोलायला गेला होता. मी घरी बांगडे साफ करत होते. संध्याकाळी त्या भाषणाचा व्हिडिओ सोसायटीच्या ग्रुपवर आला. त्यात तो सांगत होता, "बायकोचं वेगळं खातं हवंच. आमच्याकडे मी ही पद्धत सुरू केली." हॉलमधल्या बायकांनी सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या.