लातूरहून चालत आलेली घोडी

अब्बांनी आयुष्यभर मोतद्दारी केली, म्हणजे दुसऱ्याचं घोडं सांभाळलं. लोह्याजवळच्या एका गावात मालकांचा मळा होता, मळ्यात तबेला आणि तबेल्याला लागून पत्र्याची एक खोली. अब्बा तिथंच राहायचे. नांदेडला घरी यायचे ते शुक्रवारी. नमाज, जेवण, अम्मीशी चार गोष्टी, की संध्याकाळच्या एसटीनं परत. ते आले की घरभर घोड्याचा वास सुटायचा. शाळेतल्या मैत्रिणी बसलेल्या असल्या तर मी आधी खिडकी उघडायची.

ज्या घोडीपायी ते आठवडाभर दूर राहायचे, ती मी चोवीस वर्षांची होईपर्यंत पाहिली नव्हती. मालकांनी तिचं नाव मोठं हौसेचं ठेवलं होतं. अब्बा तिला नुसतं "बाई" म्हणायचे. आमच्या घरात बोलणं दखनीतलं, पण बाईशी ते मराठीच बोलत. का म्हणून विचारलं तर म्हणाले, "खेड्यात जन्मली न ती. तिला आपलं काय समजंल?" त्याआधीच्या तीन हिवाळ्यांत नांदेड-परभणीकडच्या एकाही शर्यतीत ती हरली नव्हती. हे मला अब्बांनी कधी सांगितलं नाही, दुसऱ्यांकडून कळलं.

तेव्हा मी लातूरला एका शाळेत मराठी शिकवत होते. संक्रांतीच्या आधीच्या शनिवारी अब्बांचा फोन आला. लातूरच्या बाहेर, तूर काढून मोकळ्या झालेल्या रानात शर्यत होती. "आली तर ये. न आली तरी चालतंय." अब्बांचं बोलावणं कायम असंच असायचं. मी स्कूटी काढली आणि गेले.

शर्यत सुटायच्या वेळी सगळी माणसं दोरीला रेटून उभी होती आणि अब्बा मैदानाकडं पाठ करून बादलीतल्या पाण्यात हात फिरवत होते.

"अब्बा, बघा की!"

"ऐकून राहिलो न मी."

पुष्कळ वर्षांपूर्वी त्यांच्या देखत एक घोडा पळता पळता पडला होता आणि पुन्हा उठला नव्हता. तेव्हापासून त्यांनी शर्यत डोळ्यांनी पाहिली नाही. हे मला नंतर घोडीवर बसणाऱ्या स्वारानं सांगितलं. अब्बा मान खाली घालून टापा ऐकत होते. मधेच म्हणाले, "आता सोडलं तिनं अंग, सुटली सुसाट." थोड्या वेळानं म्हणाले, "झालं." त्यानंतर लोकांची आरोळी उठली.

घोडी सगळ्यांच्या आधी शेवटची रेघ ओलांडूनही थांबली नाही. स्वार लगाम ओढतोय आणि ती त्याला वर घेऊन, माणसं बाजूला सारत, थेट बादलीकडं आली. लाल-तपकिरी अंग, घामानं काळं पडलेलं. पाणी प्यायच्या आधी तिनं अब्बांच्या खांद्यावर तोंड टेकवलं आणि जोरात फुरफुरली. अब्बांनी खिशातला रुमाल काढून तिच्या नाकपुड्या पुसल्या, मग त्याच रुमालानं स्वतःचं तोंड पुसलं.

सगळं बिघडलं ते नंतर. मालक मनानं उदार माणूस, पण हौस आवरत नसे. गावात मिरवणूक ठरली होती, डीजे सांगितला होता. घोडी टेम्पोत चढायला लागली, पुढचे दोन पाय फळीवर टेकले, आणि नेमक्या त्याच वेळी मालकांच्या दोस्तांनी तिच्या मागं फटाक्यांची लांबलचक माळ लावली. घोडी उसळली. फळी सटकली. मागच्या पायाला थोडं खरचटलं, पण ती अशी थरथरत होती की बघवत नव्हतं. त्यानंतर गूळ दाखवला, डोळ्यांवर कापड बांधलं, पाच जणांनी मागून रेटलं. ती जागची हलेना. शेवटी अब्बांनी सगळ्यांना लांब घालवलं.

"मालक, आता न्हाई चढायची ती. उद्याबी न्हाई."

"चाचा, सगळं गाव वाट बघून राहिलंय. डीजे येऊन बसलाय."

"बसू द्या की. बाई चालत येईल. मी आणतो."

"लातूरहून चालत? शंभर किलोमीटर हाय चाचा!"

"चार पाय हायत तिला."

"अन् तुमच्या गुडघ्याचं काय?"

अब्बांनी घोडीचा दोर हाताला गुंडाळला. गुडघ्याचं दुखणं जुनं होतं, जिना चढतानासुद्धा ते कठड्याला धरून थांबायचे. मी का बोलले ते मला अजून सांगता येत नाही. मी म्हटलं, "मी येते बरोबर. स्कूटी आहे माझी."

रविवार आणि संक्रांत धरून दोन दिवस सुट्टीचे होते, तिसऱ्यासाठी मुख्याध्यापिकांना फोन केला. कारण विचारलं. "घोडी घरी पोचवायचीय, मॅडम." मग त्या म्हणाल्या, "बरं. सावकाश जा."

दुसऱ्या दिवशी उजाडता निघालो. अब्बा दोर धरून पुढं, घोडी त्यांच्या खांद्याशी, आणि मी स्कूटीवरून मागं, पाय जमिनीला टेकवत. आष्टामोडपर्यंत अब्बा पाय ओढत चालले. तिथं ते एका दगडावर बसले आणि उठता येईना.

"तिच्यावर बसा न, अब्बा."

"काल पळालीय ती. आज मी वझं होऊ का तिला?"

शेवटी ते माझ्या मागं स्कूटीवर बसले. एका हातात दोर, दुसरा हात माझ्या खांद्यावर. घोडीला हे आवडलं नाही. तिनं स्कूटी हुंगली, उजव्या बाजूचा आरसा दातांत धरून वाकडा केला आणि अब्बांचा शर्ट ओढला. अब्बा म्हणाले, "बाई, ही माझी पोरगी हाय. हिच्या गाडीवर बसलो तर एवढं काय?" मी हळूच गाडी सोडली. घोडी दोन-चार पावलं अडून चालली, मग दुडक्या चालीनं आमच्या बरोबर यायला लागली.

लोक अक्षरशः रस्त्याच्या कडेला थांबले. ट्रकवाले हॉर्न द्यायला जायचे, अब्बा हात वर करायचे, की हॉर्न बंद. एका एसटीचा कंडक्टर दारातून निम्मा बाहेर वाकून टाळ्या वाजवत गेला. उसाची ट्रॉली संथ चालली होती, तर घोडीनं मान लांब करून मागचा ऊस ओढून घेतला आणि चावतच पळायला लागली. ट्रॅक्टरवाल्यानं पाहिलं. ट्रॅक्टर थांबवून उतरला. मला वाटलं, आता भांडण. तो कवेत मावेल एवढा ऊस घेऊन आला आणि म्हणाला, "नुसते शेंडे, वाढं खाऊन राहिली बिचारी. हा घ्या, गोड हाय."

कुणीतरी व्हिडिओ काढला होता. दुपारी चाकूरच्या अलीकडं पोचलो तर चहाच्या टपरीवरून पोरं ओरडली, "आली, आली, स्कूटीवाली घोडी आली!" पुढच्या गावाच्या फाट्यावर पाच-सहा बाया ताट घेऊन उभ्या. संक्रांत दुसऱ्या दिवशी, पण त्यांना धीर नव्हता. एका म्हातारीनं घोडीच्या कपाळावर कुंकू लावलं. मग बोट तसंच धरून माझ्या स्कार्फकडं पाहिलं.

"तुला चालतंय का गं माय?"

"लावा की, मावशी."

तिनं लावलं. हातावर तिळगूळ ठेवला, अब्बांच्या हातावरही ठेवला. अब्बांनी त्यातला अर्धा घोडीला दिला. म्हातारी पदर तोंडाला लावून एवढी हसली की ताट दुसरीला धरावं लागलं.

रात्री एका अनोळखी शेतकऱ्याच्या आखाड्यावर, म्हणजे शेतातल्या वस्तीवर, मुक्काम झाला. त्यानं ज्वारीचा कडबा टाकला, त्याच्या बायकोनं आम्हाला भाकरी आणि हरभऱ्याची भाजी वाढली. अम्मीचा फोन आला. मला वाटलं, रागावेल. तिनं विचारलं, "घोडी जेवली का?" अब्बांचं नंतर विचारलं.

दुसऱ्या दिवशी शिरूर ताजबंदच्या जवळ टापांचा आवाज बदलला. मला काही कळलं नव्हतं. अब्बा मागून म्हणाले, "थांब. डाव्या पायाचा नाल ढिला झालाय." डांबरावर आणखी चालवली असती तर खूर गेला असता. आता नालबंद कुठून आणायचा? बैलांना नाल मारणारेही राहिले नाहीत. रस्त्यावर पंक्चर काढणारा एक माणूस होता, साठीचा, हात काळे झालेले. तो बराच वेळ घोडीच्या पायाकडं बघत राहिला. मग दुकानाच्या मागं गेला आणि गंजलेल्या डब्यातून हातोडी, सांडशी आणि खिळे घेऊन आला.

"बापाचं हाय. मीबी करायचो. लई वर्सं झाली, हात बसंल का न्हाई सांगता येत न्हाई."

"बसंल," अब्बा म्हणाले. घोडीच्या पुढं उभे राहिले, तिचं कपाळ छातीशी घेतलं आणि म्हणाले, "दे." तिनं पाय उचलून दिला. त्या माणसाचे पहिले दोन खिळे वाकडे गेले. तिसऱ्यापासून हात बसला. घोडी एकदाही हलली नाही. काम झाल्यावर त्यानं दुकानाला फळी लावली आणि गावाची शेवटची घरं येईपर्यंत घोडीच्या बाजूनं चालत आला, खाली वाकून आपला नाल पुन्हा पुन्हा बघत.

दुपारी अहमदपूरच्या पुढं एका चिंचेखाली थांबलो. घोडी उभ्यानंच डुलक्या घेत होती. अब्बा गुडघा चोळत होते. मी बरीच वर्षं पोटात ठेवलेलं बोलून टाकलं. म्हटलं, "माझ्या दहावीच्या निकालाला तुम्ही आला नव्हता. दुसऱ्या दिवशी आलात, तेही रिकाम्या हातानं."

अब्बा गुडघा चोळायचे थांबले.

"रिकाम्या हातानं न्हाई निघालो होतो," ते म्हणाले. "निकाल फोनवर कळला. लोह्याला जाऊन पेढे आणले. वाटलं, आधी हिला सांगावं. ही तेव्हा तीन महिन्यांची. म्हटलं, माझी पोरगी पास झाली, पहिल्या वर्गात. एक पेढा हिला दिला. हिच्या आईनं मान पुढं केली, तिला एक दिला. मग मी बादली आणायला गेलो. येऊन बघतो तर पुडा फाडलेला. पेढे तर पेढे, कागदबी खाल्ला होता."

"मग अम्मीला का सांगितलं, दुकान बंद होतं म्हणून?"

"तुझ्या अम्मीनं मला घरात घेतलं असतं का?"

मला हसू आवरेना. अब्बाही हसायला लागले. घोडी दचकून जागी झाली आणि आमच्या दोघांकडं आळीपाळीनं बघायला लागली, ते बघून आम्ही आणखी हसलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी माळाकोळी मागं पडल्यावर अब्बा म्हणाले, "मोठ्या रस्त्यानं नको. मला एक वाट ठाऊक हाय." रानातून जाणारी मातीची, सपाट, मऊ वाट होती. दोन्ही बाजूंना हरभरा, दवानं ओला. माणूस नाही, गाडी नाही. घोडी कान टवकारून मान वरखाली करत होती. तिला पळायचं होतं.

अब्बांनी माझ्या खांद्यावर थाप मारली. "पोरी, तुझी गाडी किती पळते?"

"पडाल, अब्बा."

"धरतो घट्ट. सोड."

त्यांनी दोर तिच्या मानेवर टाकला. मी गाडी वाढवली. घोडी क्षणभर मागं राहिली, मग टापांचा आवाज जवळ आला आणि ती आमच्या बाजूला होती, चौखूर. इतकी जवळ की तिचा श्वास माझ्या कानाशी ऐकू येत होता. मी समोर वाटेकडं बघत होते, पण एकदा आरशात पाहिलं. तो वाकडा झालेला आरसा होता, त्यात रस्ता दिसतच नव्हता, अब्बांचा चेहरा दिसत होता. ते तिच्याकडं बघत होते. डोळे उघडे, तोंड उघडं, डोळ्यांतून पाणी वाऱ्यानं कानाकडं चाललेलं. "बाई," ते म्हणत होते, "अगं बाई! अगं बाई!" स्कूटी तिच्यापुढं काय टिकणार? ती निघून गेली, वाटेच्या टोकाला थांबली आणि वळून आमची वाट बघत उभी राहिली.

आम्ही पोचलो तेव्हा अब्बांनी उतरून तिच्या मानेवरचा दोर हातात घेतला. म्हणाले, "अशी पळते होय ती!"

दुपारी गावाच्या फाट्यावर मालक, निम्मं गाव आणि तीन दिवस थांबलेला डीजे होता. डीजेच्या पोरानं बटणाला हात घातला तोच मालक स्वतः धावत गेले आणि वायर ओढून काढली. हलगी वाजली, तीही लांबून. मालकांनी हार घातला. घोडीनं त्यातला झेंडू खाल्ला, मळ्यावर पोचताच कुणाचीही पर्वा न करता तबेल्याच्या अंगणात शिरली आणि तिथल्या धुळीत चारी पाय वर करून लोळायला लागली. हार, कुंकू, सगळं मातीत. कोपऱ्यात निंबाखाली अम्मी उभी होती, नांदेडहून एसटीनं डबा घेऊन आलेली. तिनंही ही घोडी कधी पाहिली नव्हती.

घोडी उठून अंग झाडून उभी राहिली. अम्मीनं तिला कानापासून शेपटीपर्यंत नीट पाहिलं. अब्बा बाजूला असे उभे होते, जणू त्यांच्याच परीक्षेचा निकाल लागायचा होता.

"रोडच आहे की," अम्मी म्हणाली. "काय खाऊ घालता हिला?"

आणि डब्यातली वरची पोळी तिनं घोडीपुढं धरली.