सहीखाली अकरा चाळीस

लोह्याकडच्या एका गावात, गायरानाच्या कडेला आमचं घर होतं. चार पत्रे, मातीच्या भिंती, मायनं सारवलेलं अंगण. आबा मोंढ्यात, म्हणजे धान्यबाजारात, पोती उचलायचे, माय लोकांच्या रानात खुरपायला जायची. मी चौथीत असताना दोन माणसं वस्तीत आली. "राशनकार्ड नवं करायचंय," म्हणाली आणि कोऱ्या कागदांवर सगळ्यांचे अंगठे घेऊन गेली. दिवाळीच्या आसपास तेच कागद भरून परत आले. गायरानातली घरं आम्ही राजीखुशीनं सोडत आहोत, आणि अंगठे संध्याकाळच्या ग्रामसभेत सर्वांसमक्ष दिले आहेत, असं त्यांत लिहिलं होतं.

आबा कचेरीत गेले. वाचायला म्हणून मला बरोबर नेलं. "साहेब, म्या अंगठा दिला तवा ऊन बुद्धविहाराच्या दुसऱ्या पायरीवर व्हतं. सकाळ व्हती ती. संध्याकाळ कुठली?"

साहेबांनी चष्मा काढला. "ऊन काय साक्षीला येतंय का रे?"

बाकावरचे सगळे हसले. आमचं घर गेलं आणि तीन वर्षं आम्ही एका गोदामाच्या पडवीत काढली. त्या पडवीतल्या दिव्याखाली मी सातवी झालो.

आबांना अक्षर येत नाही. पण कागद समोर आला की ते आधी आभाळाकडं बघतात. अंगठा कुठल्या उन्हात दिला ते त्यांना वर्षानुवर्षं आठवतं. मला अक्षर येतं, म्हणून मी सहीखाली वेळ लिहितो. बँकेचा फॉर्म असो की पोराच्या शाळेची सूचना, तारीख आणि वेळ.

आमच्या घरातला पहिला पदवीधर मी. नांदेडला बी.ए. केलं, एम.ए. केलं, नेट काढली आणि लातूरच्या एका अनुदानित महाविद्यालयात भूगोलाचा प्राध्यापक झालो. कुणाच्या चिठ्ठीवर झालो नाही, हे मी लिहून ठेवतो. तिथले बडेबाबू, म्हणजे हेडक्लार्क, मला 'घड्याळ सर' म्हणायचे. "सर, सहीखाली टाईम कशाला टाकून राहिलाव? गाडी पकडायचीय का?" मी हसायचो आणि टाकायचो.

अकरा वर्षं झाली होती नोकरीला. त्या उन्हाळ्यात विभागात बारीकसारीक गोष्टी घडू लागल्या. संस्थेच्या अध्यक्षांची सून भूगोलात एम.ए. झालेली आहे, हे मला शिपायाकडून कळलं. एका दुपारी ती प्रयोगशाळा बघून गेली. कुठला नकाशा कुठं ठेवतात हे तिनं विचारलं. सात वर्षं माझ्या डब्यातली शेंगाची चटणी खाणारे इतिहासाचे सर त्या आठवड्यापासून आपला डबा घेऊन ग्रंथालयात बसू लागले. मी विचारलं तर म्हणाले, "तिथं पंखा चांगलाय." तो पंखा वर्षभर बंद होता.

मग एका सकाळी बडेबाबूंनी बोलावलं. टेबलावर एक पान. 'प्रशासकीय कारणास्तव' माझी बदली संस्थेच्या इस्लापूरकडच्या महाविद्यालयात. सोबत कार्यमुक्तीचं पत्र, त्याच दिवसाचं. म्हणजे दुपारपासून मी लातूरचा राहिलो नव्हतो.

"पोच द्या, सर."

मी कार्यालयीन प्रतीवर सही केली. तारीख टाकली. भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहून खाली लिहिलं, सकाळी ११.४०. मग त्या प्रतीचा फोटो घ्यायला मोबाईल काढला, तर बडेबाबूंनी पानावर पंजा ठेवला.

"तुमची प्रत तुमच्याकडं हाय की. ही ऑफिसची हाय."

माझ्या प्रतीवर वेळ नव्हती. ती फक्त त्यांच्या फायलीत राहिली.

मी ज्या वकीलबाईंकडं गेलो त्यांनी अर्धा तास मला बोलू दिलं आणि एकच सांगितलं. "आधी तिथं रुजू व्हा. हरकत राखून रुजू होतोय, असं लेखी द्या. गेला नाहीत तर गैरहजर ठरवतील." मला त्यांचाही संशय आला. रुजू झालो की बदली कबूल केली असं होणार नाही कशावरून? त्यांची संस्थेतल्या कुणाशी सोयरीक तर नाही, याची मी दोन ठिकाणी चौकशी केली. निघाली नाही. मग गेलो.

नांदेड, तिथून मुदखेड, मुदखेडहून किनवटकडची गाडी. पुढं रिक्षा. महाविद्यालयाला रंग नवा होता. तिथले प्राचार्य भला माणूस. चहा मागवला आणि माझं पत्र दोनदा वाचलं.

"भूगोल?"

"हो सर."

"खुर्ची हाय तुमच्यासाठी. वर्ग न्हाई. भूगोल आमच्याकडं बंद पडून दोन वर्सं झाली. पोरंच घेत न्हाईत."

बाहेर नोटीस बोर्डावर वेळापत्रक होतं. मराठी, हिंदी, इतिहास, लोकप्रशासन. त्यात भूगोल कुठंच नव्हता. इथं मात्र फोटो घ्यायला कुणी आडवं आलं नाही.

तेव्हा मला डाव समजला. कार्यभार नसलेल्या ठिकाणी मला बसवायचं, वर्षभरानं कागदावर अतिरिक्त ठरवायचं आणि घरी पाठवायचं. लातूरची जागा तोवर भरलेली असणार. ही नुसती बदली नव्हती, माझी नोकरीच जाणार होती, अन् ती आमच्या सगळ्या घराण्यातली पहिली.

उच्च न्यायालयाच्या खंडपीठात याचिका दाखल झाली. संस्थेला उत्तर द्यायला वेळ मिळाला. ते चार महिने मी इस्लापूरला रिकाम्या वर्गासमोरच्या खुर्चीत बसून काढले. रोज मस्टरवर सही, खाली वेळ. लातूरहून कुणाचा फोन आला की मी आधी विचार करायचो, याला कुणी करायला लावलाय? इतिहासाच्या सरांचा एकदा आला. "कसं काय चाललंय?" म्हणाले. "वकील काय म्हणतात?" मी म्हणालो, "इथं पंखा चांगलाय." त्यांनी फोन ठेवला.

मग संस्थेचं शपथपत्र आलं. त्यात लिहिलं होतं, नियामक मंडळाची बैठक आदेशाच्याच दिवशी दुपारी चार वाजता झाली, माझ्या बदलीवर साधकबाधक चर्चा झाली, ठराव झाला आणि त्या ठरावानुसार आदेश काढण्यात आला. ठरावाची प्रत जोडलेली. आमच्याकडं रीतच होती ती. आधी आदेश काढायचा, ठराव मागून सवडीनं वहीत लिहायचा. सगळ्यांना माहीत होतं, आणि सिद्ध कुणालाच करता आलं नव्हतं.

मी पानं उलटत गेलो. शेवटून दुसरं पान म्हणजे तीच कार्यालयीन प्रत. मला आदेश मिळाला हे दाखवण्यासाठी त्यांनी स्वतःच जोडली होती. माझी सही, तारीख, ११.४०.

मी ते पान वकीलबाईंपुढं सरकवलं. त्यांनी पाहिलं, माझ्याकडं पाहिलं. "तुम्ही नेहमी वेळ टाकता?"

"नेहमी."

"मग जुने मस्टर मागवू. ही वेळ मागाहून घातलेली नाही, हे दिसलं पाहिजे."

सुनावणीला न्यायमूर्तींनी ते पान वर धरलं आणि संस्थेच्या वकिलांना विचारलं, चार वाजताच्या ठरावाचा आदेश या प्राध्यापकाला सकाळी अकरा चाळीसला कसा मिळाला? वकिलांनी मागं वळून बघितलं. मागं संस्थेचे सचिव बसले होते. त्यांनी बडेबाबूंकडं बघितलं. बडेबाबू छताकडं बघत होते.

बाहेर चहाच्या टपरीवर मी त्यांना गाठलं. "ते पान तुम्ही जोडलं?"

"फाईल दिली टायपिंगला. जोडा म्हनले, जोडलं."

"नीट बघितलं नव्हतं?"

त्यांनी बशीत चहा ओतला. "सर, म्या बत्तीस वर्सं कागद बघून राहिलो. तुमचा टाईम मला दिसत न्हाई व्हय?" आणि लगेच, "पर तसं काही न्हाई. चुकून गेलं."

आजही मला ठरवता येत नाही. चुकून गेलं की मुद्दाम? मुद्दाम असेल, तर माझ्यासाठी की सचिवांवरचा जुना राग काढायला? मी त्यांचे आभार मानले नाहीत. चहाचे पैसे मात्र मी दिले.

निकालाच्या दिवशी आबांना फोन लावला. आबा थकलेत, कमी ऐकू येतं. दोनदा ओरडून सांगितलं, तेव्हा त्यांनी विचारलं, "टाईम मानला का त्येंनी?"

"मानला, आबा."

मग म्हणाले, "लिवलेला व्हता म्हनून."

बदलीचा आदेश आणि कार्यमुक्तीचं पत्र, दोन्ही रद्द झाली. मी लातूरच्या त्याच महाविद्यालयात, त्याच पदावर, सेवेत खंड न पडता परत रुजू झालो आणि आज तिथं भूगोल शिकवतो.