ओट्यासकट विकणे आहे

किस्से जमवावे लागत नाहीत हो! आयुष्यात शंभर शहाणपणाचे निर्णय घ्या, कोणी विचारत नाही. एक मूर्खपणा करा, की लोक तो जन्मभर पुरवून पुरवून खातात. इथे परदेशात, ईस्ट कोस्टच्या समुद्रकाठी रविवारचा वॉक झाला की आमची चार-पाच मराठी कुटुंबं हॉकर सेंटरला, म्हणजे इथल्या खाऊगल्लीत, कोपी (इथली कॉफी हो!) घेत बसतात, आणि कोणीतरी हमखास खडा टाकतं, "काय अविनाश, फ्रान्स काय म्हणतंय?"

मी तीस वर्षं बँकेत बसून लोकांना 'रिस्क जपून घ्या' असं सांगत रिटायर झालो. आमच्यातल्या प्रत्येकानं दुसरं घर बाणेरला नाहीतर हिंजवडीला घेतलं. मी घेतलं फ्रान्सच्या एका खेड्यात! तेही पडकं.

दोष माझा नाही. सुट्टीत गाडीचा टायर पंक्चर झाला, मी तो बदलत होतो आणि आमच्या सौ. निलू रस्त्याकडेच्या एका दगडी घरात शिरल्या. मी हात पुसत मागून गेलो आणि वर बघितलं तर आभाळ.

"अगं, याला छप्पर नाही!"

"छप्पर घालता येतं," खिडकीबाहेरच्या सूर्यफुलांकडे बघत ती म्हणाली. "हे कुठून आणणार?"

शिरीष म्हणजे माझा बँकेतला जुना जोडीदार, जिभेला हाड नाही. त्याला हे सांगितलं तर तो एवढंच म्हणाला, "इथल्या पासिर रिसच्या फ्लॅटमधला पंखा साफ करायला तू माणूस बोलावतोस. चांगलं आहे, चालू दे!"

*

घर दुरुस्त करायला मार्सेल नावाचा गवंडी मिळाला. भला माणूस, पण मोजमापाचा पक्का. निलूला हवा होता काळ्या दगडाचा ओटा, आणि त्याच्या शेजारी जमिनीलगत मोरी. कठडा, खाली नळ, अगदी आपल्यासारखी. मार्सेलनं कागदावर चित्र काढलं, खोडलं, परत काढलं. मग मोबाईलवर भाषांतर करून विचारलं, "मादाम, स्वयंपाकघरात आंघोळ कोण करणार?"

"कढया!" निलू म्हणाली.

त्यानं मान हलवली आणि झक्क बांधून दिली. पुढच्या उन्हाळ्यात गेलो तर कळलं, पठ्ठ्यानं स्वतःच्या घरीही तश्शीच मोरी बांधली होती. शेतातले बूट धुवायला!

*

स्विमिंग पूल मात्र माझा. तिथे निलूचं काही चालू दिलं नाही.

पूल तयार झाला, निळंशार पाणी भरलं, पण मला काही केल्या त्यात उतरवेना. काहीतरी चुकतंय, चुकतंय असं वाटत राहिलं. दोन दिवसांनी लक्षात आलं. पाटी नव्हती! वीस वर्षं कॉन्डोत आणि क्लबात पोहलेला माणूस मी. मग रंग आणून स्वतः पाटी रंगवली: आधी शॉवर घ्या, उडी मारू नये, काठावर खाऊ नये, पूल संध्याकाळी सातला बंद.

माझी मुलगी मिहिका म्हणाली, "बाबा, this one your own pool lah! मॅनेजमेंट कोण आहे?"

"मी!"

शेजारचा मोरिस ऐंशीचा, आयुष्यभर गाई राखलेला. त्याला पोहायला बोलावलं. त्यानं मिहिकाकडून पाटीचा एकेक नियम समजून घेतला, बागेच्या पाइपखाली मुकाट्यानं आंघोळ केली आणि मगच पाण्यात उतरला. बरोब्बर सातला मी पाण्यात मजेत तरंगत होतो, तर काठावरून त्यानं मनगटावरच्या घड्याळावर बोट ठेवलं आणि मला बाहेर काढलं.

*

आठ उन्हाळे असे गेले. मग मिहिकाला दिवस गेले. ती आमच्याच शहरात, बुकित पंजांगला राहते, नवरा-बायको दोघंही नोकरीवाले. ती आईला म्हणाली, "तू पाच महिने फ्रान्सला गेलीस तर मी काय करू?" दुसऱ्या दिवशी सकाळी चहा ठेवता ठेवता निलू म्हणाली, "घर काढून टाकू या."

मादाम कोलेत नावाची एजंट ठरली. तिनं वेबसाइटवर जाहिरात टाकली: नूतनीकरण केलेलं दगडी घर, पूल, अक्रोडाची झाडं. इथपर्यंत छान. पुढे वाचलं तर 'तिन्ही बाथरूममध्ये कुत्र्यांसाठी खास छोटा शॉवर'!

आपला जेट हो, कमोडशेजारचा पाण्याचा फवारा!

मी तिला फोन करून समजावायला निघालो, तर निलूनं हात धरला. "काय सांगणार आहात? नीट विचार करा." मी विचार केला. फोन ठेवून दिला.

*

सहा महिने झाले तरी घर जाईना. कुत्रेवाले पुष्कळ आले, पण सगळ्यांची गाडी स्वयंपाकघरात अडायची. शेवटी कोलेत स्पष्टच म्हणाली, "ओटा आणि ती मोरी फोडा, पांढरं किचन बसवा. नाहीतर किंमत उतरवा."

निलू अशी संतापली म्हणता! "घर विकीन, पण ओट्यासकट, आणि सांगितल्या किमतीला! आठ वर्षं मी त्यावर पुरणपोळ्या लाटल्यात. अख्खं गाव जेवून गेलंय, आणि आता माझ्या ओट्यापायी घराची किंमत कमी?"

मला तिचं पटत होतं, पण बाळंतपण तोंडावर आलं होतं. रोज समजूत काढून मी कसाबसा तिच्याकडून शब्द घेतला, की जूनअखेर कोणी मिळालं नाही तर मार्सेलला बोलावून ओटा फोडायचा. शब्द दिला आणि बाई उठून गेल्या. त्या दिवशी पहिल्यांदाच तिनं माझ्याशिवाय चहा घेतला. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

*

जूनच्या शेवटच्या आठवड्यात एक जोडपं आलं. रिटायर झालेले शिक्षक, बाईंना इंग्रजी येत होतं. पूल बघितला, झाडं बघितली, खूश! स्वयंपाकघरात आले आणि साहेबांनी कोलेतच्या कानाला लागून काहीतरी सांगितलं.

कोलेत आमच्याकडे वळली. "घर पसंत आहे. पण किचन नवं करावं लागेल, तेवढी किंमत कमी करा."

मी 'हो' म्हणायला तोंड उघडलं. एवढ्यात निलूनं पर्स उचलली, चपला सरकवल्या, "चला हो," म्हणाली आणि दाराबाहेर!

मी मागे धावलो. "अगं, कुठे निघालीस?"

"तुळशीबागेत काय करते मी? पाठ फिरवायची. मागून हाक येते."

"अगं, पण तिथे आपण गिऱ्हाईक असतो! इथे दुकान आपलं आहे! घर त्यांच्या ताब्यात देऊन आपण कुठे निघालो?"

तिचे पाय क्षणभर अडखळले. चूक तिच्याही लक्षात आली होती, पण आता माघार घेईल ती निलू कसली! "वळून बघू नका," ती म्हणाली. "तिसऱ्या दुकानापर्यंत हाक येतेच."

दुकान कुठलं आलंय! एका बाजूला मोरिसच्या गाई, दुसऱ्या बाजूला सूर्यफुलं. अक्रोडाची झाडं गेली, चर्च गेलं, हाक नाही. चालत चालत गावात पोचलो, दोन कॉफ्या मागवल्या. निलूचे डोळे भरून आले होते. "फोडा ओटा," ती म्हणाली. "माझंच चुकलं."

तासाभरानं पाय ओढत परत आलो. त्यांची गाडी अजून दारातच होती. कोलेत बाहेर बाकावर बसून हातानं 'मला काही विचारू नका' अशा खुणा करत होती. साहेब पुलात पाय सोडून बसले होते. पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, डोळे मिटलेले.

आमच्याच दाराशी आम्ही दोघं उभे. आत जावं की नको कळेना. शेवटी मी कडी वाजवली.

दार त्या शिक्षक बाईंनी उघडलं. अंगात निलूचा एप्रन, बाह्या वर, हात कोपरापर्यंत पिठात. मागे ओट्यावर भली मोठी पोळी लाटलेली दिसत होती.

"अरे, तुम्ही!" त्या हसून बाजूला झाल्या. "या ना, आत या. बसा. कॉफी घेणार?"

निलूनं डोळे पुसले, पदर खोचला आणि माझ्याकडे न बघताच मराठीत म्हणाली,

"अहो, पेन काढा."