घोरपडीची जागा

आमच्या वाडीतली घोरपड माझ्यामुळे जिवानिशी गेली.

हे मी इनासला कधी सांगितलं नाही. आज त्याला जाऊन वर्ष झालं, म्हणून इथे लिहिते.

माझ्या नवऱ्याला तुमच्यापैकी बरेच जण त्याच्या फोटोंमुळे ओळखता. रिटायर झाल्यावर त्याने कॅमेरा घेतला, पण तो आमच्या नंदाखाल गावाबाहेर कधी नेला नाही. लोक सफारीला जायचे. हा केळीत गोणपाट अंथरून पालथा पडलेला.

"अरे, मुंग्या चावतील."

"त्यांचाही काढतो."

खंड्या, मुंगूस, पाणकोंबडी. आणि बावखलाच्या, म्हणजे वाडीला पाणी देणाऱ्या आमच्या तळ्याच्या काठी, आंब्याच्या मुळांत राहणारी घोरपड.

तिच्यासाठी तो तीन आठवडे रोज सकाळी जात होता. शेवटी ती ऊन खायला बाहेर आली, जीभ काढली, आणि याला फोटो मिळाला.

"हा मी माझ्या प्रोफाइलवर टाकते."

"टाक. पण कुठली, ते लिहू नकोस, कॉन्व्हेंटवाले."

पोस्टमध्ये नाही लिहिलं.

पण खाली कॉमेंटमध्ये कुणीतरी फार अदबीनं विचारलं, "काकी, नेमकी कुठे दिसली?"

कॉन्व्हेंट शाळेत सिस्टरांनी शिकवलं होतं, कुणी विचारलं की पूर्ण वाक्यात उत्तर द्यायचं.

मी दिलं. गाव, वाडी, बावखल, आंबा.

चौथ्या दिवशी आम्ही एका लग्नाहून दुपारी परतलो, तर बीळ कुदळीनं फोडलेलं. मुळं तुटलेली. मातीवर रक्त.

शेजारची रोझीवहिनी म्हणाली, "सकाळी दोघं आलते बाईकवर, कुत्रा घेऊन. मला वाटलं, इनासभाऊचे फोटोवाले."

संध्याकाळी चहा घेताना त्याने विचारलं, "तू कुणाला जागा सांगितली होतीस का गं?"

"नाही."

इतक्या वर्षांच्या संसारात एवढं सहज खोटं मी कधी बोलले नव्हते.

"बरं," म्हणाला, आणि चहात बिस्किट बुडवलं.

मी आत जाऊन ती कॉमेंट डिलीट केली.

त्यानंतरही तो रोज सकाळी कॅमेरा घेऊन बावखलावर जायचा. कशाचे फोटो काढतोस विचारलं, तर म्हणायचा, "पक्षी."

गेल्या आठवड्यात चर्चमधल्या वर्षाच्या मिस्सासाठी त्याचा एखादा बरा फोटो शोधायला लेकीने त्याचा लॅपटॉप उघडून दिला. त्यात 'घोरपड' नावाचं फोल्डर होतं.

पहिला फोटो तिचा.

मग फुटलेलं बीळ. दुसऱ्या दिवशीचं बीळ. तिसऱ्या दिवशीचं. पाणी भरलेलं. गवत उगवलेलं. पक्षी एकही नाही.

आणि मध्येच एक स्क्रीनशॉट. माझं पूर्ण वाक्य. वर बीळ फुटलं त्याच दिवसाची तारीख आणि वेळ, दुपारचे चार अडतीस.

त्या दिवशी चहा आम्ही सहाला घेतला होता.

म्हणजे त्याला माहीत होतं. विचारलं ते फक्त मला सांगता यावं म्हणून.

हल्ली मी एकटी चहा घेते, तेव्हा समोरच्या खुर्चीतून "बरं" ऐकू येतं. रोज.

परवा सकाळी एका ठिकाणी ओल्या चिखलात शेपटी ओढल्याची रेघ दिसली. दोन्ही बाजूंना नख्यांच्या खुणा. ताज्या.

मी त्याचं गोणपाट अंथरलं. मुंग्या चावल्या. दुसरी एक घोरपड आली, आणि मी फोटो काढला.

तो इथे टाकणार नाही. जागा कुणी विचारू नका, अदबीनंही नको.

इनास, मीच सांगितलं होतं रे.

शांत झोप आता.