सोवळ्यातला नळ

जानव्याला किल्ली अडकवणारी माणसं मी ढीगभर पाहिली, पण जानव्याला नळाचा पाना अडकवणारा माणूस जन्मात एकच पाहिला. आमचे वायसरतात्या. पाना लोखंडी, चांगला वीतभर लांब, आणि वजनाला असा की तात्यांचा डावा खांदा उजव्यापेक्षा चार बोटं खाली उतरला होता. शिंप्यानं सदरा सरळ शिवला की तो त्यांच्या अंगावर तिरका बसे, म्हणून शेवटी शिंपीच तिरका शिवायला शिकला. संध्येला बसताना तात्या पाना पाठीवर टाकत. आचमन आणि दुरुस्ती यांत त्यांनी कधी फार फरक केला नाही. दोन्हींत पाणी थोडं सांडायचंच.

ही हकिकत मुलुंडची, आणि मुलुंड अजून मुंबईत जमा व्हायचं होतं तेव्हाची. बारा बिऱ्हाडांची चाळ. वरच्या मजल्यावर मी, माझी बायको सुमन आणि माझी आई, जिला सगळी चाळ माई म्हणे. भिंतीपलीकडे तात्या आणि काकू. तात्या फोर्टातल्या एका विमा कचेरीत कारकून होते. तिथं दिवसभर त्यांचा हात टीपकागदापलीकडे कशाला लागत नसे. ती भूक ते घरी येऊन भागवत. नळाच्या पोटात चामड्याची एक चकती असते, तिला आम्ही वायसर म्हणतो. ती झिजली की नळ ठिबकतो. तात्या या चकत्या घरीच कापत, त्यामुळे चाळीत जुन्या वहाणा टिकत नसत. एकदा खालच्या बिऱ्हाडातल्या पाहुण्याच्या नव्या कोऱ्या वहाणेला टाचेपाशी गोल भोकं दिसली. पाहुणा भांडायला वर आला. तात्या त्याला म्हणाले, "आपली टाच सध्या आमच्या तीन नळांत आहे. पुन्हा याल तेव्हा हक्कानं पाणी प्या."

प्लंबरला बोलावणं तात्यांना कमीपणाचं वाटे. "प्लंबर काय करतो? जे आपण फुकट बिघडवू शकतो तेच तो पैसे घेऊन बिघडवतो," असं ते म्हणत. मुख्य कॉक बंद न करता नळ खोलायची त्यांची पद्धत होती. पाणी चालू असल्याशिवाय नळाचं दुखणं कळत नाही, अशी त्यांची समजूत. नळाचं डोकं सुटून छताला लागे, मोरी भरे, गॅलरी भरे, काकू पाटावर चढून उभ्या राहत, आणि तात्या गुडघाभर पाण्यात शांतपणे म्हणत, "घाबरू नका. आपलंच पाणी आहे, जाणार कुठं?" ते खालच्या जोशांच्या तांदळाच्या डब्यात गेलं. तांदूळ धुवायचे वाचले, हे तात्यांनी जोशांना समजावून सांगितलं. जोशी चार महिने बोलले नाहीत, पण तेवढे चार महिने त्यांनी भातही कमी खाल्ला असं ऐकिवात आहे.

बंबाचं प्रकरण तर याच्याही वरचं. एका बंबात दोन घरांचं पाणी तापावं म्हणून तात्यांनी भिंतीला भोक पाडून त्यांच्या तांब्याच्या बंबाची नळी आमच्या मोरीत आणली. सांधे सफेदा आणि सुतळीनं बुजवले. वाफ फुकट जाते म्हणून झाकणही उडदाच्या पिठानं लिंपलं. सकाळी सात वाजता बंबानं अशी शिटी मारली की ठाण्याचं इंजिन चुकून आमच्या अंगणात आलं असं लोकांना वाटलं. मग झाकण कौलं फोडून निघून गेलं. ते पवईच्या तलावाकडे जाताना मी या डोळ्यांनी पाहिलं. आठवड्यानं तिकडच्या एका गवळ्याच्या हंड्यावर ते सापडलं, आणि दूध चांगलं गरम राहतं म्हणून तो परत देईना. काकू म्हणाल्या, "यांनी हात लावायचा राहिलेला घरातला एकच नळ म्हणजे माझ्या डोळ्यांतला. तोही आज चालू केला!"

माईचं मात्र तात्यांवाचून अडलेलं नव्हतं, कारण माई नळाचं पाणी स्वयंपाकाला आणि देवाला घेतच नसे. चामड्यातून आलेलं पाणी सोवळ्यात चालत नाही, संपलं. चाळीमागच्या विहिरीवरून ती रोज दोन कळशा आणी. पण त्या वर्षी चैत्रात मालकानं सांगितलं की विहीर बुजवून तिथं चार खोल्या काढायच्या आहेत. दुसरी विहीर पाऊण मैलावर, आणि माईचे गुडघे जिन्यातच कुरकुरत. तिनं काही वाद घातला नाही. ट्रंक काढली.

"मी दाभोळला जाते," ती म्हणाली. "आपल्या विहिरीत कोणी वहाण बुडवत नाही."

सुमनला तेव्हा सातवा लागत होता. तिला आई नव्हती, माहेर म्हणजे नुसते दोन भाऊ. माई शेवटच्या बोटीनं गेली असती तर पावसाळाभर बोटी बंद, आणि नारळी पौर्णिमेपर्यंत तिला परत येता आलं नसतं. बाळंतपण आषाढात. सुमन मला एवढंच म्हणाली, "मग तुम्ही करणार का माझं बाळंतपण?" मी गॅलरीत जाऊन उभा राहिलो. तिथं तात्या होतेच. भिंतीतलं भोक बुजवलेलं नसल्यामुळे त्यांना आमच्या घरातलं सगळं कळे.

ते तडक आत आले. "माई, ट्रंक मिटा. बिनचामड्याचा नळ मी देतो. बोट सुटायच्या आत."

"तात्या, तुम्ही द्याल हो. पण घर राहील का?"

पहिल्यांदा त्यांनी सायकलच्या ट्यूबची चकती बसवली. माईनं विचारलं, "हे रबर कुठलं?" तात्यांना खोटं बोलता येत नसे, हा त्यांच्यातला मोठाच बिघाड होता. माई म्हणाली, "गावभर शेणातून, चिखलातून फिरलेलं ते!"

"माई, फिरतो तो टायर. ट्यूब आत बसलेली असते."

"आत बसून का होईना, गेली होती ना?"

ट्यूब गेली. मग औषधाच्या बाटलीचं बूच. त्यात दारूचा अंश असतो म्हणून तेही गेलं. मग सुपारीची चकती. सुपारी पाण्यात अशी फुगली की नळ दोन दिवस ना उघडे ना मिटे, आणि तिसऱ्या दिवशी उघडला तेव्हा लालभडक पाणी आलं. खालचे जोशी ओरडले, "अहो तात्या, वर कोणाचा खून केलात का?" चार महिन्यांनंतरचं ते त्यांचं पहिलं वाक्य. मग नारळाची करवंटी झाली, केळीचं सोपट झालं. बोटीला तीन दिवस राहिले. माईनं ट्रंकेला कुलूप लावलं. सुमननं दोन दिवस धड जेवण केलं नव्हतं. तात्या कचेरीतून रजा काढून मोरीत बसले होते, आणि पहिल्यांदाच हातात पाना असून त्यांनी काही खोललं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते ओल्या पंचानं आमच्या दारात उभे. तळहातावर रुपयाएवढी एक पिवळी चकती. "माई, सोवळ्याला काय काय चालतं?"

"रेशीम चालतं, धाबळी चालते. हे काय विचारणं?"

"मग हे रेशीम. माझ्या पूजेच्या कदाचा तुकडा. नऊ पदर, काकूनं सोवळ्यात शिवलाय, साजूक तुपात भिजवलाय. आता नळच सोवळं नेसून बसणार. बोला!"

माई चकतीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "मुख्य कॉक बंद करा आधी." तात्यांनी तिच्यासाठी तेही केलं, आयुष्यात एकदाच.

चार दिवस पाण्याला तुपाचा वास येत होता. बोट गेली. ट्रंक माळ्यावर गेली. आषाढात मुलगी झाली, आणि तिचं पहिलं न्हाणं तात्यांच्याच बंबाच्या पाण्यानं झालं, झाकणाच्या जागी पाटा ठेवून. रेशीम काही चामडं नव्हे, ते पंधरा-वीस दिवसांत विरे. मग तात्या अंघोळ करून, ओल्या पंचानं, कोणाला न शिवता यायचे आणि नवी चकती बसवून जायचे. दार लावून घ्यायचे, म्हणायचे, "सोवळ्यातलं काम आहे." हे सहा वर्षं चाललं. मला आपली मनातून खात्री होती की पहिल्या महिन्यानंतर आत वहाणच असणार. कोण एवढं करतो?

तात्या गेले ते कचेरीत, खुर्चीत बसल्या बसल्या, टीपकागदावर हात ठेवून. घरी असते तर निदान एखादा नळ हातात असता.

तेराव्यानंतर आठवड्याभरात आमचा नळ ठिबकू लागला. काकूंनी मला पाना आणून दिला, एका पिवळ्या फडक्यात गुंडाळून. मुख्य कॉक बंद करून मी नळ खोलला. आत वहाण नव्हती. विरलेलं, काळपट रेशीम होतं, नऊ पदर, बारीक टाक्यांनी शिवलेलं. मी हातातलं फडकं उलगडलं. रुमालाएवढं होतं. तात्यांच्या कदाचं तेवढंच उरलं होतं. मग मला उमगलं की अलीकडे ते पूजेलासुद्धा ओल्या पंचावरच का बसत.

मी चकती माईपुढं धरली. तिनं ती बोटांनी चाचपली.

"रेशीम आहे रे हे," ती म्हणाली.

"मग? तुला काय वाटत होतं?"

"मला वाटत होतं चामडंच असणार. म्हणून सहा वर्षं नळ उघडताना मी रामाचं नाव घेत होते. म्हटलं, माणूस ओल्या अंगानं एवढा राबतो, त्याला तोंडावर कसं नाही म्हणायचं? सुमनचे दिवस भरत आले होते. देवाला म्हटलं, हे पाप माझ्या नावावर राहू दे."

काकूंनी दिलेलं ते फडकं माईनं घडी करून देवापुढं ठेवलं. मग तिनं ट्रंकेतून आपला सोवळ्याचा रेशमी मुकटा काढला, कात्री घेतली आणि त्याचा पदर कापला. नऊ पदर शिवायला तिला संध्याकाळ झाली. तोवर जुनीच चकती घालून मी पाणी सोडलं होतं; नवी बसवायला नळ खोलला तो मुख्य कॉक पुन्हा बंद करायला विसरून. नळाचं डोकं छताला लागलं, मोरी भरली, पाणी गॅलरीत गेलं, आणि खालून जोशांचा आवाज आला. सुमन मुलीला घेऊन पाटावर चढली.

माई घोटाभर पाण्यात उभी होती. सोवळ्यात, भिजलेली.

"ओरडू नका हो जोशी," ती खाली वाकून म्हणाली. "आपलंच पाणी आहे. जाणार कुठं?"